तुमचे प्रश्न, स्वयंपाकघरातली उत्तरं: लेकीसाठी फिलिपिनो चिकन सूप

प्रश्न: ताई, माझी मुलगी दुबईत नर्स आहे, तिच्या रूमवर दोघी फिलिपिनो मुली राहतात. तिला ताप आला होता तेव्हा त्यांनी कोंबडीचं पांढरं सूप करून दिलं होतं, मॅकरोनी घातलेलं, सोपास म्हणतात म्हणे. आता सुट्टीवर पुण्यात आलीये, पावसात भिजून सर्दी-खोकला घेऊन झोपलीये आणि तेच सूप हवं म्हणतेय. मी डब्यातलं दूध घालून केलं तर चक्क गोड झालं. त्यात सासूबाई म्हणतात, कोंबडीत दूध कसलं घालतेस! काय करू?
— एक आई, कोथरूड

उत्तर: अहो, गोड झालं म्हणजे तुमच्या हातात कंडेन्स्ड मिल्कचा डबा आला, त्यात साखर असते. सोपासला लागतं ते इव्हॅपोरेटेड मिल्क, म्हणजे नुसतं आटवलेलं बिनसाखरेचं दूध, आणि ते घरीच होतं. अर्धा लिटर फुल क्रीम दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ढवळत ढवळत निम्म्याहून थोडं कमी होईपर्यंत आटवा, बासुंदीइतकं पुढे नेऊ नका, झालं काम. फिलिपिन्सवर १८९८ ते १९४६ अमेरिकेची सत्ता होती, त्या काळात डब्यातलं दूध तिथल्या घराघरांत रुळलं, म्हणून त्यांच्या सूपमध्ये ते आलं.

पण खरं सांगू का, या सूपचा जीव दुधात नाहीये, तो कोंबडीच्या पाण्यात आहे. बोनलेस आणू नका. हाडासकट लेग पीस घ्या, अर्धा किलो, त्यात दीड लिटर गार पाणी, एक कांदा, चार मिरी, आल्याचा तुकडा, थोडं मीठ, आणि गॅस बारीक. वर फेस येईल तो काढत राहा. पाणी खळखळ उकळू द्यायचं नाही, कडेला बारीक बुडबुडे येत राहिले पाहिजेत, ब्रॉयलरला पाऊण तास पुरतो, गावठी असेल तर दीड तास तरी धरा. कुकरच्या शिट्ट्या काढूनही होतं पण पाणी गढूळ होतं, सोपासमध्ये शेवटी दूध पडतं म्हणून चालून जातं एवढंच. मांस गार झालं की हाताने सोडवून घ्या, पाणी गाळून ठेवा.

मग दुसऱ्या पातेल्यात चमचाभर बटर, त्यात बारीक चिरलेला कांदा आणि बऱ्यापैकी लसूण, लाल करायचा नाही, नुसता मऊ होऊन वास सुटला की गाजराचे छोटे तुकडे, मिळाली तर सेलरी, सोडवलेलं चिकन, आणि वरून ते गाळलेलं पाणी. गाजर शिजलं की कोबी जाडसर चिरून टाका आणि दोनच मिनिटं ठेवा, कोबी पार विरघळला की सूपला उग्र वास येतो. तिथे मीठाच्या जोडीला पातिस, म्हणजे माशांचा खारा सॉस घालतात. कॅम्पातल्या मोठ्या दुकानांत फिश सॉस म्हणून मागा, एक चमचाच घाला, नाही मिळाला तर नुसतं मीठ. सुकट-बोंबील घालून बघू का असं मनात आलं असेल तर कृपा करून नको, त्याचा वास सगळं सूप खाऊन टाकतो.

दूध सगळ्यात शेवटी. गॅस बंद करा, वाटीत दूध घेऊन त्यात आधी पळीभर गरम सूप मिसळा आणि मग ते पातेल्यात ओता, म्हणजे फाटणार नाही, आणि यात लिंबू अजिबात पिळायचं नाही. मॅकरोनी वेगळी उकडून वाढताना बाउलमध्ये घाला, सूपमध्येच ठेवलीत तर सगळा रस ती पिऊन टाकते आणि संध्याकाळपर्यंत लापशी होते.

आता सासूबाईंचं. दूध आणि मांस एकत्र नको हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या मानलं जातं, त्यांच्याशी वाद घालू नका. पातेल्यात दूध घालूच नका, लेकीच्या बाउलमध्ये तेवढं वेगळं मिसळा. त्यांना तेच सूप बिनदुधाचं, वरून मिरपूड घालून द्या, आवडीने पितील.

प्रश्न: ताई, मी पीजीत राहते, फक्त एक इंडक्शन आहे. सोतांगहोन सूप जमेल का? ऑफिसमधला फिलिपिनो सहकारी त्याचं फार कौतुक करतो.
— कर्वेनगरची वाचक

उत्तर: जमेल, आणि मला तर पावसाळ्यात सोपासपेक्षा हेच जास्त आवडतं. याच्या पारदर्शक शेवया मुगाच्या स्टार्चच्या असतात, पाकिटावर ग्लास नूडल्स लिहिलेलं बघा, मागे घटकांमध्ये मूग आहे का तेही वाचा. साध्या पाण्यात १५ मिनिटं भिजवायच्या आणि कात्रीने कापायच्या, नाहीतर चमच्यात येतच नाहीत.

आधी लसणाचे पातळ काप थंड तेलात घालून मंद आचेवर ठेवा, कडा पिवळ्या झाल्या की लगेच बाहेर काढा, कारण बाहेर काढल्यावरही तो रंग बदलत राहतो आणि जराही तपकिरी झाला की कडू लागतो. उरलेल्या तेलात तिथे शेंदरीच्या बिया टाकून केशरी रंग काढतात. आपण काश्मिरी तिखट चिमूटभर, तेही गॅस बंद करून. त्यात कांदा, आलं, चिकन, वर सांगितलेलं पाणी, गाजर, कोबी आणि शेवटी शेवया, पाच मिनिटांत होतात. शेवया पाणी फार ओढतात, म्हणून थोडं गरम पाणी बाजूला ठेवाच. वाढताना कांद्याची पात, तो कुरकुरीत लसूण आणि लिंबू. तिथे कालामान्सी नावाचं छोटं आंबट फळ पिळतात, आपलं कागदी लिंबू त्याच्या जागी छान लागतं.

प्रश्न: श्रावणात घरी मांसाहार नसतो, तेव्हा कसं करायचं?
— सदाशिव पेठ

उत्तर: सोतांगहोनचीच पद्धत ठेवा, कोंबडीच्या पाण्याऐवजी बटण मशरूम, गाजर, कांदा आणि आलं अर्धा तास उकळून ते पाणी वापरा. कांदा-लसूणही चालत नसेल तर आलं वाढवा. चव कोंबडीची येणार नाही, पण गरम गरम प्यायला उत्तम, आणि फिश सॉसऐवजी सोया सॉस अर्धा चमचा घाला.