ऑइल प्रेशर गेज बसवले म्हणून वॉरंटी नाकारता येते का?

प्रश्न : नाशिकमध्ये २०२४ साली नऊ लाखांना घेतलेल्या माझ्या कारची वॉरंटी अजून शिल्लक आहे. एका गॅरेजमध्ये मूळ ऑइल प्रेशर स्विचच्या जागी पितळी टी (तीन तोंडांचा जोड) बसवून त्यावर तो स्विच आणि बाहेरच्या गेजचा सेन्सर असे दोन्ही लावून घेतले. गेल्या महिन्यात कसारा घाटात काटा खाली आला, लाल दिवा लागला आणि पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाताना इंजिनातून आवाज येऊ लागला. टीखाली ऑइल दिसले. सर्व्हिस सेंटर वॉरंटी रद्द झाल्याचे सांगते, गॅरेजवाला हात वर करतो. बिल नाही, पैसे यूपीआयने दिले होते. काय करावे?

उत्तर : सर्वप्रथम सर्व्हिस सेंटरला ईमेलने व रजिस्टर्ड पोस्टाने कळवावे, की आपण, गॅरेज व कंपनी या तिन्ही पक्षांसमोर पाहणी होईपर्यंत इंजिन उघडू नये आणि टी, सेन्सर व स्विच आहेत तसेच राहू द्यावेत. हे प्रकरण त्या पितळी तुकड्यावर ठरणार आहे. तो भंगारात गेला की तोंडी आरोपांपलीकडे काही उरणार नाही. वॉरंटी नाकारल्याचे कारणही लेखी मागावे.

गेज बसवणे हा गुन्हा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मधील फेरबदल म्हणजे वाहनाचे मूलभूत स्वरूप पालटणारा रचनेतील बदल, आणि गेजमुळे नोंदणी प्रमाणपत्रातील एकही तपशील बदलत नाही.

वॉरंटी मात्र करार आहे. इंटरनेटवर वाचून अनेकजण नोटिशीत अमेरिकेच्या १९७५ च्या मॅग्नसन-मॉस या वॉरंटीविषयक कायद्याचा हवाला देतात. तो येथे लागू नाही, तेव्हा तो टाळावा. आपला आधार वॉरंटी पुस्तिकेतील शब्द हाच आहे. बाहेरच्या भागामुळे झालेले नुकसान वगळले आहे, एवढेच त्यात लिहिले असेल, तर संपूर्ण वॉरंटी रद्द झाली असे म्हणता येत नाही, आणि नुकसान त्याच भागामुळे झाले हे सांगणाऱ्याने ते सिद्ध करावे लागते. एसी बिघडला असता तर गेजचे निमित्त टिकले नसते. परंतु आपल्या बाबतीत गळती टीपाशीच दिसल्यामुळे कंपनीचे काम सोपे झाले आहे, म्हणून माझ्या मते आपला खरा दावा गॅरेजविरुद्ध आहे.

तज्ज्ञाला आटे तपासायला सांगावेत. अनेक जपानी इंजिनांत या स्विचला बीएसपीटी (ब्रिटिश मापाचे निमुळते) आटे असतात, एक अष्टमांश इंच मापात इंचाला २८. बाजारातील पुष्कळ सेन्सर व जोड एनपीटी (अमेरिकी मापाचे) असतात, इंचाला २७. सुरुवातीचे फेरे सहज बसत असल्याने हा फरक हाताला कळत नाही, पुढे जोर लावून आवळले जाते आणि जोड कालांतराने गळू लागतो. टी थेट इंजिनावर लटकत ठेवली असेल, तर कंपनाने तिला तडाही जाऊ शकतो. यांपैकी काही आढळल्यास ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) नुसार सेवेतील त्रुटी ठरू शकते. बिल नसले तरी यूपीआयची नोंद व व्हॉट्सॲपवरील संदेश चालतील. त्यांना इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे.

आपली दुबळी बाजू म्हणजे दिवा लागल्यावरही गाडी चालवणे. हा दिवा दाब जवळजवळ संपल्यावरच लागतो, त्यामुळे आपण किती अंतर गेलात हे दोन्ही पक्ष विचारतील आणि भरपाई त्या प्रमाणात कमी होऊ शकते. घाटात थांबायला सुरक्षित जागा नव्हती हे खरे असेल, तर ते अंतरासह तक्रारीतच नमूद करावे. लपवून नंतर उलटतपासणीला तोंड देणे महागात पडते. विम्यावर फार विसंबू नये, कारण नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. इंजिन संरक्षणाचे जादा कलम घेतले असल्यास त्याच्या अटी पाहाव्यात.

पंधरा दिवसांची नोटीस देऊन गॅरेज, विक्रेता व उत्पादक या तिघांविरुद्ध नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात एकच तक्रार करावी आणि मागण्या पर्यायी ठेवाव्यात : दोष इंजिनाचा निघाल्यास कंपनीकडून दुरुस्ती, जोडाचा निघाल्यास गॅरेजकडून भरपाई. आपण तेथे राहत असल्याने ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार तोच आयोग चालतो. इंजिनाच्या तांत्रिक तपासणीसाठी त्याच कायद्याच्या कलम ३८ खाली स्वतंत्र अर्ज द्यावा. तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. नऊ लाखांच्या गाडीसाठी शुल्क २०० रुपये असून तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरून दाखल करता येते.