टॅलीचा बॅकअप रोज पेनड्राइव्हवर घेतो, तेवढं बास आहे का?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत होलसेलचं दुकान आहे, रोज रात्री टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप पेनड्राइव्हवर जातो, स्क्रीनवर सक्सेसफुल येतं, मग निर्धास्त राहायला हरकत नाही ना. हरकत आहे दादा. मी तसाच निर्धास्त होतो म्हणून सांगतोय.

आमचं शाहूपुरीत ऑटो पार्ट्‌सचं दुकान. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आत आलं, माल माळ्यावर चढवता चढवता कॉम्प्युटर खालीच राहिला, पण पेनड्राइव्ह खिशात होता त्यामुळं मला काय टेन्शन नव्हतं. पाणी उतरल्यावर मेव्हण्याच्या लॅपटॉपवर रिस्टोअर मारलं, डे बुक म्हणजे रोजच्या नोंदी उघडल्या तर शेवटचं व्हाउचर ३१ मार्चचं! एप्रिलला टॅलीत नवीन वर्षाच्या हिशोबाची वेगळी कंपनी काढलेली, तिचा फोल्डर नवा झाला, बॅकअपची सेटिंग मात्र जुन्याच फोल्डरवर, म्हणजे चार महिने रोज रात्री तोच जुना डेटा कॉपी होत होता आणि रोज सक्सेसफुल येत होतं. विक्रीची बिलं जीएसटीआर-१ वरनं (विक्रीच्या जीएसटी रिटर्नवरनं) काढली, खरेदीची पार्ट्यांकडनं मागवून परत मारली. पण उधारीपोटी कुणी कधी किती रोख दिले ते कुठल्या पोर्टलवर असतंय? काही गिऱ्हाईकं आपणहून येऊन "माझे एवढे राहिलेत" म्हणून सांगून गेली, त्यांचे उपकार विसरणार नाही. बाकीचे सोडून दिले.

मोठ्यांचंही असं होतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (प्रोग्रॅमर लोकांचा कोड ठेवणारी कंपनी) चुकून मेन डेटाबेसच उडवला गेला, बघितलं तर रोजचा बॅकअप व्हर्जनच्या गोंधळामुळं होतच नव्हता आणि तो फेल झाल्याचे मेलही कुणाला पोचत नव्हते. नशिबानं सहा तास आधीची एक कॉपी होती म्हणून वाचले.

म्हणून महिन्यातनं एकदा तरी बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. त्याच मशीनवर त्याच फोल्डरमध्ये रिस्टोअर करू नका, चालू डेटावर जुना बसेल. उघडल्यावर शेवटच्या बिलाचा नंबर, कॅश बॅलन्स आणि येणे बाकीची टोटल दुकानातल्या आकड्याशी लावून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. एप्रिलमध्ये तर पहिल्याच आठवड्यात बघाच, घोळ तिथंच होतो.

पेनड्राइव्ह कायम लावून ठेवू नका, रॅन्समवेअर (फाईली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आलं तर त्याच्यासकट सगळं लॉक होतं. गूगल ड्राइव्हला फोल्डर सिंक करणं म्हणजे बॅकअप नव्हे, इथं उडालं की तिथंही उडतं, ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतं तेवढंच. त्यापेक्षा रोजची बॅकअप फाईल तारीख घालून वेगळी अपलोड करा.

आणि एक हार्डडिस्क दुकानाबाहेर ठेवा, चढाच्या बाजूला कुणाकडं तरी. आमची आर. के. नगरला बहिणीकडं असते, दर रविवारी बदलतो. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा, ४३ ला धोका, त्या गडबडीत कुणाला डिस्क आठवत नाही. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा तिच्यावरनंच तिसऱ्या दिवशी बिलिंग चालू केलं.

तुमची टॅलीतली कंपनी एप्रिलमध्ये स्प्लिट केली होती का, म्हणजे नवीन वर्षाची वेगळी काढली होती का? केली असेल तर आज रात्रीच बॅकअपच्या सेटिंगमधला कंपनीच्या फोल्डरचा नंबर तपासा, काय निघालं ते इथं सांगा.