नर्सिंगचे शिक्षण अर्ध्यावर सोडणाऱ्या विद्यार्थिनी

प्रश्न : मी नर्सिंग महाविद्यालयात शिकवते. अल्पसंख्याक समाजांतील काही विद्यार्थिनी दरवर्षी प्रवेश घेतात, परंतु त्यांच्यापैकी कित्येक जणी पहिल्याच वर्षी मागे पडतात आणि शिक्षण सोडतात. जादा तास घेऊनही उपयोग झालेला नाही. आमचे काय चुकते आहे?
– एक अध्यापिका

उत्तर : अडचण विद्यार्थिनीच्या अभ्यासात आहे असे धरून जादा तास घेतले जातात, आणि ते पुष्कळदा खरे नसते. तिला विषय समजलेला असतो, पण प्रश्नपत्रिकेची भाषा तिच्यासाठी दुसरी किंवा तिसरी असेल, तर लांबलचक, दुहेरी नकार असलेल्या प्रश्नाचा अर्थ लावण्यातच तिचा वेळ जातो. म्हणून आधी आपल्या प्रश्नपत्रिका तपासा. वैद्यकीय संज्ञा आहेत तशाच ठेवा, कारण त्या तिला वॉर्डात लागणारच आहेत. भोवतालची वाक्ये मात्र छोटी आणि सरळ करा. यामुळे परीक्षेचा दर्जा खालावेल ही भीती अनाठायी आहे, कारण आपल्याला तपासायची असते ती औषधाच्या मात्रेची जाण, वाक्यरचना उलगडण्याचे कौशल्य नव्हे.

दुसरी जागा क्लिनिकल पोस्टिंगची, म्हणजे वॉर्डात रुग्णांसोबत प्रत्यक्ष काम शिकण्याची, आणि माझ्या मते खरी गळती तेथेच सुरू होते. वडीलधाऱ्यांसमोर न बोलणे हा ज्या घरांत आदर समजला जातो, तेथून आलेल्या मुलीच्या मौनाला ‘आत्मविश्वासाचा अभाव’ असा शेरा मिळतो. वॉर्डातील गुण ठरावीक कृतींच्या तपासणी-यादीवरून द्यावेत, आणि रुग्णाने किंवा कर्मचाऱ्याने तिच्या पेहरावावरून वा नावावरून अपमान केला, तर तेथल्या तेथे बोलण्याची जबाबदारी अध्यापिकेने घ्यावी. ती मुलीवर सोडू नये.

अभ्यासक्रमातही तिच्यासारखी माणसे दिसली पाहिजेत. रक्तातील ऑक्सिजन कमी झाल्यावर येणारा निळसरपणा सावळ्या त्वचेवर चटकन कळत नाही, म्हणून ओठांची आतली बाजू आणि पापणीच्या आतील भाग पाहायचा असतो. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर पल्स ऑक्सिमीटरकडून ऑक्सिजनची कमतरता नजरेआड होण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट आढळले. हे शिकणे सर्वच विद्यार्थ्यांसाठी, आणि त्याहून अधिक रुग्णांसाठी, गरजेचे आहे.

सोबतीचे मोलही मोठे आहे. व्यावसायिक संघटनांची दारे बंद असताना अमेरिकेतील कृष्णवर्णीय परिचारिकांनी मार्था मिनर्व्हा फ्रँकलिन यांच्या पुढाकाराने १९०८ मध्ये स्वतःची राष्ट्रीय संघटना उभारली आणि १९५१ पर्यंत ती चालवली. आपल्याकडून शिकून गेलेल्या परिचारिकांपैकी दोघी-तिघींना नव्या विद्यार्थिनींच्या मार्गदर्शनासाठी बोलवा. ही ओळख पहिल्या चाचणीपूर्वी करून द्यावी. नापास झाल्यावर मिळालेली मार्गदर्शक मुलीला शिक्षेसारखी वाटते. शिवाय ज्या सोडून गेल्या, त्यांनाही भेटून कारण विचारा. शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर न मिळणे, रात्रपाळीनंतर घरी जाण्याची सोय नसणे अशी कारणे वर्गात बसून कधीच कळत नाहीत.