लाल शालूची कड आणि रंगाचे चौकोन

सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेला लग्नाच्या फिल्मचा तुकडा दोनदा पाहिला. वधूच्या लाल शालूची कड मांडवामागच्या अंधाराला भिडते तिथे पायऱ्यांसारखे चौकोन दिसतात, आणि ते घालवण्यासाठी तू अख्ख्या चित्रावर ब्लर टाकला आहेस. चौकोन विरले खरे, पण त्यांच्याबरोबर शालूची जरही विरली.

तुझ्या कॅमेऱ्याने चित्र ४:२:० पद्धतीने साठवले आहे. म्हणजे १९२० × १०८० च्या चौकटीत उजेडाची नोंद प्रत्येक पिक्सेलसाठी स्वतंत्र असते, रंगाची मात्र ९६० × ५४० एवढीच. चार पिक्सेलांच्या वाट्याला मिळून एकच रंग येतो. त्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे फाइल लहान करण्याची प्रक्रिया, चित्राचे ठोकळे पाडते आणि जागा वाचवण्यासाठी त्यांतला बारकावा टाकून देते. डोळ्याला उजेडातला फरक जितका कळतो तितका रंगातला कळत नसल्याने ही काटकसर एरवी खपून जाते, लाल रंगात मात्र ती उघडी पडते. रेक. ७०९ या एचडी चित्राच्या रंगांच्या मानकात उजेडाच्या बेरजेत हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, तर लालाचा जेमतेम २१ टक्के आहे. त्यामुळे गडद लाल आणि काळोख यांच्यामधली सीमा मुख्यतः रंगाच्या नोंदीवर विसंबते, आणि नेमकी तीच भरड आहे.

म्हणून उपाय रंगापुरताच हवा. उजेड आणि दोन रंगफरक (निळा व लाल उजेडापासून किती वेगळे आहेत त्याची नोंद) असे तीन चॅनेल वेगळे काढून एकेक कृष्णधवल रूपात पाहा. उजेडाच्या चॅनेलमध्ये शालूची जर बऱ्यापैकी रेखीव सापडेल, चौकोन उरलेल्या दोहोंत दिसतील. त्या दोहोंवरच एक-दोन पिक्सेलांचा ब्लर दे. अधिक दिलास तर लाली कडेबाहेर झिरपून वधूच्या मनगटावर उतरेल. चौकोन फ्रेमागणिक थरथरत असतील, तर त्याआधी टेम्पोरल नॉइज रिडक्शन (लगतच्या फ्रेम ताडून खरखर कमी करणारे साधन) वापर, पण ल्युमा (उजेड) आणि क्रोमा (रंग) यांची जोडी सोडवून फक्त क्रोमा वाढव. ही सगळी कामे पहिल्याच नोडवर, म्हणजे रंगकामाच्या साखळीतल्या पहिल्या टप्प्यावर, ग्रेडिंगच्या (रंग जुळवण्याच्या) आधी व्हायला हवीत, कारण सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) चढवले की चौकोनही तितकेच ठळक होतात.

फाइल प्रोरेस ४२२ या संपादनासाठीच्या, कमी दाबलेल्या प्रकारात बदलल्याने गेलेला रंग परत येत नाही. (हा गैरसमज मीही काही वर्षे बाळगला होता.) फायदा एवढाच की मधल्या प्रत्येक टप्प्यावर पुन्हा एच.२६४ (जास्त दाबलेला प्रकार) करून नवे ठोकळे पाडून घ्यावे लागत नाहीत.

पुढच्या लग्नाला, फिल्म १०८० मध्येच द्यायची असली तरी, चित्रीकरण फोर-केमध्ये कर. ३८४० × २१६० च्या ४:२:० चित्रात रंगाची नोंद १९२० × १०८० असते, त्यामुळे आकार निम्म्यावर आणल्यावर प्रत्येक पिक्सेलजवळ स्वतःचा रंग उरतो. मात्र मंद उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) भरमसाट चढवलास, तर बिटरेट (दर सेकंदाला साठवायच्या माहितीची मर्यादा) नॉइज, म्हणजे चित्रातली खरखर, साठवण्यातच खर्ची पडेल. त्यापेक्षा मांडवाच्या त्या कोपऱ्यात एक दिवा जास्तीचा मागून घे, यजमान थोडी कुरकुर करतील तरीही.

सध्या त्या तुकड्यावरचा ब्लर काढून टाक आणि दोन्ही रंगफरकांच्या चॅनेलचे स्क्रीनशॉट मला पाठव.