वडिलांच्या कॅन्सरनंतर चॅरिटी रनमध्ये पळायचंय, पण घरचे म्हणतात लोकांकडं पैसे मागू नको, आजाराची बातमी गावभर होईल. काय करू?

पळा. आणि पैसे मागा, बिनधास्त मागा.

आमच्या आईला 2018 ला छातीत गाठ निघाली. वर्षभर हाताला लागत होती पण दुखत नव्हती म्हणून बोललीच नाही, आणि ही गाठ बहुतेक वेळा दुखत नसतेच, हे आम्हाला बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात गेल्यावर कळलं. मग दर 21 दिवसाला केमो, पहाटेची एसटी, येताना येडशीपासून उलट्या सुरू, आईच्या मांडीवर कॅरीबॅग आणि माझा हात तिच्या पाठीवर. आणि या सगळ्यात थोरल्या काकांचं एकच, बाहेर बोलू नका, पोरीचं लग्न व्हायचंय. भावकीत सांगितलं काय तर मणक्याचा त्रास. कुणी आलं की आईनं डोक्याला पदर घट्ट गुंडाळून आतल्या खोलीत बसायचं. सात महिने. मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो.

2020 च्या जानेवारीत मुंबईला हाफ मॅरेथॉन पळालो, कॅन्सर पेशंटसाठी काम करणाऱ्या एका संस्थेसाठी. टीशर्टच्या पाठीवर आईचं नाव छापलं आणि खाली कॅन्सर, पूर्ण शब्द. काका म्हणले घराची अब्रू पाठीवर घालून पळणार का. आईनं टीशर्ट मांडीवर पसरला, अक्षरांवरनं बोट फिरवलं आणि म्हणली, आडनाव पण घालायचं की रे.

पैशासाठी व्हॉट्सअॅपवर टाकलं तर दुसऱ्याच दिवशी गल्लीतल्या एक काकू आल्या, 200 ची नोट दिली अन् हळूच आईला म्हणल्या, मलापण हितं काहीतरी लागतंय. दोघी आतल्या खोलीत गेल्या, त्याच खोलीत. पुढच्या आठवड्यात आई त्यांना घेऊन बार्शीला. लपवून ठेवलं असतं तर त्या कुणाला विचारणार होत्या?

तयारीचं म्हणाल तर पहिल्यांदा 10 किमीच घ्या, तीन-चार महिने पुरतात. चढाचा सराव करा, मी लातूरच्या सपाट रस्त्यावर पळून गेलो आणि मुंबईत पेडर रोडच्या चढावर चालावं लागलं. पैसे थेट संस्थेच्या खात्यावर घ्या, स्वतःच्या फोनपेवर नको, आणि देणगीवरच्या आयकर सवलतीला 2000 च्या वर रोख चालत नाही.

हां, एक राहिलं, आधी वडलांना विचारा. नाव त्यांचं आहे, ते नको म्हणले तर छापू नका, पण ते नको म्हणले तरच, घरातलं दुसरं कुणी म्हणलं म्हणून नाही. आणि केमो चालू असेल तर त्यांना गर्दीत फिनिश लाइनला नेऊ नका, पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असू शकतात, संसर्ग पटकन होतो.

बहिणीचं लग्न 2021 ला झालं. बघायला आले तेव्हा चहा व्हायच्या आधी मीच आईचं सगळं सांगितलं, काका मान खाली घालून बसले होते. मुलाच्या आईनं एवढंच विचारलं, आता किती महिन्यांनी दाखवायला जावं लागतं?