नर्स म्हणूनच ये

बाळा,

तुझा मेसेज नाइट संपवून घरी आल्यावर ऐकला. परीक्षेचं नंतर बघू, आधी त्या एजंटचं बोलू.

‘आधी यूकेला हेल्थकेअर मॅनेजमेंटच्या कोर्सला जा, तिथे केअरर म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करणारी म्हणून काम मिळेल, नर्सचं मग बघता येईल’ असं तो म्हणतोय, आणि त्यासाठी तुझ्या वडिलांना जमिनीवर कर्ज काढायला लावतोय. अजिबात नको. परदेशातून थेट केअर वर्कर आणायचा रस्ता यूकेने २२ जुलै २०२५ पासून बंदच केलाय. त्याआधी त्या रस्त्याने आलेल्या कितीतरी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), बीएससी (नर्सिंगची पदवी) झालेल्या मुली इथल्या केअर होममध्ये अडकून आहेत. शिक्षण नर्सचं, पण नर्स म्हणून कशावरही सही करायचा अधिकार नाही, आणि बारा तासांच्या शिफ्टनंतर पुस्तक उघडलं की झोप येते. तू नर्स आहेस, तर एनएमसीच्या, म्हणजे इथल्या नर्सिंग काउन्सिलच्या, नोंदणीवरच ये, मग दोन वर्षं का लागेनात. नर्सच्या भरतीसाठी उमेदवाराकडून पैसे घेणं इथल्या भरतीच्या आचारसंहितेत बसत नाही. जो मागतो त्याला दारातूनच रामराम कर.

तुझं जीएनएम आहे, बीएससी नाही, याचं दडपण घेऊ नकोस. तू आपल्या महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलकडे नोंदणी झालेली स्टाफ नर्स आहेस, ते एनएमसीला पुरतं.

आता कागद. परीक्षेच्या कितीतरी आधी, नावापाशीच अडकलेल्या बऱ्याच जणी मी पाहिल्यात. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. डिप्लोमावर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलच्या नोंदणीवर स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त. आणि लग्नानंतर काढलेल्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. आपल्याला यात काहीच वावगं वाटत नाही, पण इंग्लंडात बसून अर्ज तपासणाऱ्याला या चार वेगळ्या बायका वाटतात. तुझं लग्न ठरलंय म्हणतेस, तर नाव बदलायचं की नाही हे आत्ताच घरात बोलून घे. माझं विचारशील तर पासपोर्टवरचं आणि काउन्सिलकडचं नाव जसं आहे तसंच राहू दे, सासरी कुणाला काय वाटायचं ते वाटो. बदलणारच असशील तर विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्र हाताशी ठेव. स्पेलिंगची दुरुस्ती आजच टाक, नोंदणीचं नूतनीकरण राहिलं असेल तर तेही. तुझ्या नोंदणीची खातरजमा काउन्सिलकडूनच एनएमसीला जावी लागते, त्यात तुझ्या घाईचा उपयोग नसतो.

हे मार्गी लागलं की मगच इंग्रजीची तारीख घे. निकाल दोन वर्षांच्या आतला लागतो. आधी परीक्षा देऊन मग कागदांमागे धावलीस तर निकाल शिळा होतो. आयईएलटीएस ही सर्वसाधारण इंग्रजीची परीक्षा की ओईटी ही आरोग्यसेवेतल्यांसाठीची, तर माझं मत ओईटीला. त्यात तुला जागतिक तापमानवाढीवर निबंध लिहायचा नसतो; केस नोट्स वाचून डिस्चार्जचं किंवा रेफरलचं पत्र लिहायचं असतं, आणि बोलण्याच्या भागात समोर पेशंट किंवा नातेवाईक असतो. वाचन, ऐकणं, बोलणं यांत बी हवा, लेखनात सी प्लस चालतो. मराठी माध्यमाचं रडगाणं नको. उद्यापासून ड्युटी बदलतानाचा हँडओव्हर इंग्रजीत दे, हसतील चार दिवस.

सीबीटी, म्हणजे एनएमसीची कॉम्प्युटरवरची परीक्षा, तिथेच देता येते. पंधरा प्रश्न औषधांच्या हिशोबाचे, शंभर क्लिनिकल, फी ८३ पाउंड. अभ्यास केलास तर निघेल.

खरी दमछाक ऑस्कीत, म्हणजे एनएमसीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत होते. ती इथे आल्यावर, ७९४ पाउंडांची. तिच्यात दहा स्टेशनं, म्हणजे वेगवेगळे टप्पे असतात: चार एकाच पेशंटभोवती फिरणारी, म्हणजे असेसमेंटपासून इव्हॅल्युएशनपर्यंत, चार हाताच्या कामांची, दोन नुसती लिहायची. आपल्याकडे चाळीस पेशंटच्या वॉर्डात दोन सिस्टर असतात आणि तो वेग अंगात भिनतो. इथे तोच नडतो. आपला टीपीआर चार्ट आठव. ताप मोजलेला, नाडी मोजलेली, श्वास मात्र खालपासून वरपर्यंत सगळ्यांचा १८ नाहीतर २०. इथे घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट छातीकडे बघायचं. न्यूज-२ चार्टवर, म्हणजे पेशंट किती बिघडलाय ते गुणांत दाखवणाऱ्या इथल्या तक्त्यावर, २० श्वासांना शून्य गुण आहेत आणि २१ ला दोन. एक श्वास कमी धरलास की पेशंट बिघडत चाललाय हे कागदावर उमटतच नाही.

औषधाच्या स्टेशनवर नाव आणि जन्मतारीख पेशंटच्या तोंडून वदवून घे, मनगटाच्या पट्टीशी आणि चार्टशी ताडून बघ, ॲलर्जी विचार, आणि हे सगळं मोठ्याने बोलत कर. मनातल्या मनात तपासलेलं परीक्षकाला कळणार कसं? चार्टवर पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली असताना अमॉक्सिसिलिन (तेही पेनिसिलिनच) दिलंस, तर बाकीचं कितीही सुरेख केलेलं असो, स्टेशन गेलंच. लिहिताना चुकलं तर एक आडवी रेघ आणि सही, गिरवून झाकायचं नाही. भावाला पलंगावर झोपवून रोज सराव कर, कंटाळला तर चहा पाज. एका अर्जावर तीन प्रयत्न मिळतात, आणि गेलेली स्टेशनंच पुन्हा द्यायची असतात. सातपर्यंत गेली तर फी निम्मी, त्याहून जास्त गेली तर पूर्ण.

एक कडू गोष्ट. इथल्या ट्रस्टनी, म्हणजे सरकारी हॉस्पिटलं चालवणाऱ्या संस्थांनी, परदेशी भरती हल्ली बरीच आखडती घेतलीय. त्यामुळे तिथला राजीनामा इतक्यात देऊ नकोस. कागद, ओईटी, सीबीटी नोकरी सांभाळून होतात, आणि तोवर आयसीयूत ड्युटी मिळाली तर मुलाखतीत उपयोगी पडेल.

ऑफर आली की पगाराच्या आधी परतफेडीचं कलम वाच. तिकीट आणि परीक्षेचा खर्च नोकरी देणारे करतात, पण ठरलेल्या मुदतीआधी सोडलंस तर परत मागतात. दर महिन्याला ती रक्कम घटत जाते का, आजारपणामुळे सोडावं लागलं तर काय, हे ईमेलवरच विचार, फोनवर नको. पिन, म्हणजे एनएमसीचा नोंदणी क्रमांक, येईपर्यंत बऱ्याच ठिकाणी बँड ३ या खालच्या श्रेणीचा पगार असतो, पिन आल्यावर बँड ५. तो बदल कुठल्या तारखेपासून धरणार हेही लेखी घे. सही करण्याआधी पीडीएफ मला पाठव. रविवारी माझा ऑफ असतो, दोघी फोनवर बसून वाचू.

तुझी,
ताई