सहलीच्या कागदावरील पेन्सिलच्या खुणा

“या वयात आम्हांला परदेश झेपेल का?” हा प्रश्न समुपदेशक म्हणून काम करताना गेल्या काही वर्षांत माझ्यासमोर इतक्या वेळा आला आहे की, नवे जोडपे समोर येऊन बसले आणि बोलण्यापूर्वी एकमेकांकडे पाहू लागले, की तो येणार हे मला कळते. विचारणारे बहुधा पासष्ट ते पंचाहत्तर या वयोगटातील असतात. निवृत्तिवेतन सुरू असते, पारपत्र काढलेले असते आणि मुलाने किंवा मुलीने मोठ्या प्रेमाने सहलीची आगाऊ रक्कमही भरलेली असते. सुरुवातीच्या काळात मी या प्रश्नाचे उत्तर तो जसा विचारला जाई तसेच देत असे. डॉक्टरांना दाखवून घ्या, विमा उतरवा, औषधे हाताशी ठेवा, असे मी सांगे. ही उत्तरे बरोबर होती, पण त्यांनी कोणाची धास्ती कमी झाल्याचे मला फारसे आठवत नाही. ती का कमी होत नव्हती, हे मला एका जोडप्यामुळे समजले. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून मी हे लिहीत आहे.

काका एकाहत्तर वर्षांचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. काकू सदुसष्ट वर्षांच्या, प्राथमिक शाळेत तीस वर्षे शिकवलेल्या. मुलाने त्यांच्यासाठी बारा दिवसांत सहा देश दाखवणारी युरोपची सहल ठरवली होती. काकूंनी “मला नाही जायचं” असे सांगितल्यापासून घरात महिनाभर अबोला होता. पहिल्या भेटीत काकाच बोलत होते. नोकरीत असताना मिळणारी प्रवास सवलत त्यांनी बहिणींच्या लग्नांमुळे आणि पुढे आईच्या आजारपणामुळे कधी उपभोगली नव्हती, आणि निवृत्तीनंतर बायकोला परदेश दाखवीन असा शब्द त्यांनी फार पूर्वी दिला होता.

“आता तो शब्द पाळायची वेळ आली, तर हिला हौसच नाही म्हणते,” ते म्हणाले. काकू मांडीवरील पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिल्या.

दुसऱ्या वेळी मी काकूंना एकटीला बोलावले आणि सहलीचा कार्यक्रम सोबत आणायला सांगितला. चार घड्या घातलेला तो कागद त्यांनी माझ्यासमोर उलगडला. त्यावर पेन्सिलने काही ठिकाणी बारीक, नीटस वर्तुळे काढलेली होती, वह्या तपासणाऱ्या हाताला शोभावीत अशी. ही त्यांना आवडलेली स्थळे असावीत असे वाटून मी मनातून सुखावले आणि म्हणाले, “म्हणजे काही ठिकाणं पाहायची इच्छा आहे तर!”

काकू बराच वेळ गप्प राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “मॅडम, ती ठिकाणं नाहीत. जिथे जिथे बसचा प्रवास दोन तासांपेक्षा जास्त आहे, तिथे खूण केली आहे. मला तेवढा वेळ थांबता येत नाही.”

मी पुन्हा कागदाकडे पाहिले. बारा दिवसांत नऊ वर्तुळे होती. लघवीचा हा त्रास त्यांना चार वर्षांपासून होता आणि तो त्यांनी ना नवऱ्याला सांगितला होता, ना मुलीला, ना डॉक्टरांना. युरोपात महामार्गावरील अनेक थांब्यांवर स्वच्छतागृहासाठी नाणी मोजावी लागतात असे शेजारणीकडून कळल्यावर, चाळीस माणसांच्या बसमध्ये उठून गाडी थांबवायला सांगण्याचे आणि पुन्हा नाण्यांसाठी नवऱ्यापुढे हात पसरण्याचे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. त्यांनी मनाशी उपायही ठरवून ठेवला होता. गेलेच तर बसच्या दिवशी पाणी प्यायचे नाही आणि रक्तदाबाची गोळी घ्यायची नाही, कारण त्या गोळीने लघवी वाढते.

या कामात मला बावीस वर्षे झाली. तरीही त्या दुपारी मी काही क्षण शब्दाविना बसून राहिले. इतकी वर्षे ज्या प्रश्नाला मी प्रकृतीचा प्रश्न समजत होते, तो खरे तर संकोचाचा प्रश्न होता. “झेपेल का?” असे विचारणाऱ्या माणसाला स्वतःच्या शरीराची मर्यादा बहुधा आम्हां सर्वांपेक्षा अधिक अचूक ठाऊक असते. ती जोडीदारासमोर उच्चारता येत नाही आणि म्हणून ती “हौस नाही” या शब्दांत बाहेर पडते. तेव्हापासून मी जोडप्यांना प्रकृती कशी आहे हे आधी विचारीत नाही. या प्रवासात कोणती गोष्ट कोणालाही कळू नये असे तुम्हांला वाटते, हे विचारते आणि तेही प्रत्येकाला वेगवेगळे बसवून.

काका एकटे आले तेव्हा त्यांच्याकडूनही असेच काही निघाले. त्यांचा उजवा गुडघा जिने उतरताना दगा देत होता. आदल्या वर्षी त्यांचे थोरले भाऊ चालते-फिरते असताना अंथरुणाला खिळले होते, आणि त्या दिवसापासून “आत्ता नाही तर कधीच नाही” हे वाक्य काकांच्या मनात ठाण मांडून होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे, आणि इच्छा व हट्ट यांतील अंतर ओळखायला मी त्याच विचारातून शिकले. बायकोबरोबर जग पाहावे ही काकांची इच्छा होती. ते याच वर्षी, सहाही देशांसह पाहिलेच पाहिजे, हा हट्ट होता आणि तो भीतीच्या पोटी जन्मला होता. मी त्यांना एवढेच विचारले, “शब्द देताना तुम्ही देश मोजून दिला होता का?” ते खिडकीबाहेर पाहत राहिले आणि मग म्हणाले, “नाही. तेव्हा फक्त म्हटलं होतं की, कुठेतरी निवांत बसू.”

तिसऱ्या भेटीत दोघे एकत्र होते. काकूंनी तो कागद स्वतःहून नवऱ्यापुढे ठेवला आणि वर्तुळांचा अर्थ सांगितला. काकांनी एकेका वर्तुळावर बोट ठेवीत तो शेवटपर्यंत वाचला. “अगं, मला वाटलं, तुला माझ्याबरोबर यायचंच नाही,” असे म्हणताना त्यांचा आवाज भरून आला, आणि त्यानंतर न विचारताच त्यांनी गुडघ्याचे सांगून टाकले. त्या दिवशी मला फारसे बोलावे लागले नाही. समुपदेशकाने गप्प राहण्याचे समाधान काय असते, ते अशा वेळी कळते.

पुढचे काम सोपे होते. काकूंना मी आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. पाळी बंद झाल्यानंतरच्या वयात हा त्रास अनेक स्त्रियांना होतो आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नेटाने केले तर त्यात पुष्कळ फरक पडू शकतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. पाणी तोडण्याचा बेत मात्र तात्काळ सोडायला लावला, कारण त्याने मूत्रमार्गाचा संसर्ग होण्याचा धोका वाढतो आणि लांबच्या विमानप्रवासात एका जागी बसून राहण्याने पायांत रक्ताची गुठळी होण्याची जी शक्यता असते, तीही बळावू शकते. रक्तदाबाच्या गोळीची वेळ डॉक्टरांनी बदलून दिली. असा बदल कोणीही स्वतःच्या मनाने करू नये.

मग आम्ही उलट्या टोकाकडून आखणी केली. काय पाहायचे ते नंतर, आधी दोघांच्या मर्यादा कागदावर. सलग दोन तासांपेक्षा अधिक रस्त्याचा प्रवास नको, दुपारी झोप हवी, जिने कमीत कमी हवेत, मुक्काम एकाच ठिकाणी हवा. या अटींत बसणारे देश शोधता शोधता काकांनीच मॉरिशसचे नाव काढले. मुंबईहून थेट विमानाने साधारण सहा तास लागतात आणि घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे असल्याने औषधांच्या वेळा विस्कटत नाहीत. संपूर्ण बेट सुमारे पासष्ट किलोमीटर लांब आणि पंचेचाळीस किलोमीटर रुंद आहे, त्यामुळे कुठेही गेले तरी मुक्कामी परतणे हाताशी असते. काकूंच्या दृष्टीने आणखी एक ओढ होती. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तिथे आहेत आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. गणपती झाल्यावर निघायचे ठरले. जानेवारी ते मार्च हा तिकडे वादळांचा मुख्य काळ असल्याने तो आपोआप टळला, आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला काका घरी असणार होते.

मुलाला आधी वाईट वाटले. त्याच्याशी मी नव्हे, काकांनीच बोलावे असा माझा आग्रह होता आणि त्यांनी तो मानला.

दोन ठिकाणी काका अडले. विमानतळावर चाकांची खुर्ची घेणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. विमान कंपनीला निदान अठ्ठेचाळीस तास आधी कळवले की ही मदत मिळते आणि सुरक्षा तपासणीच्या लांबच लांब रांगा वाचतात, असे मी सांगितले, पण त्यांना पटले ते काकूंच्या एका वाक्याने. “तुम्ही खुर्चीत बसलात की मला तुमच्या गुडघ्याकडे पाहत चालावं लागणार नाही,” असे त्या म्हणाल्या. दुसरे, हप्ता कमी पडावा म्हणून विम्याच्या अर्जात रक्तदाब लिहू नये असा त्यांचा विचार होता. आधीचा आजार दडवला तर ऐन वेळी विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो, हे व्यवहाराचे कारण झालेच. मात्र ज्या घरात दडवण्यामुळे महिनाभर अबोला झाला, तिथे पुन्हा काही दडवायला नको, असे मी त्यांना स्पष्टपणे म्हणाले. त्यांनी अर्ज नव्याने भरला. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातील पिशवीत ठेवायची, विमानात काकूंसाठी मार्गिकेलगतचे आसन घ्यायचे, पोहोचल्याच्या दिवशी काहीही पाहायला जायचे नाही आणि पुढे दिवसाला एकच ठिकाण, हेही त्यांनी त्याच बैठकीत लिहून घेतले.

परतल्यावर दोघे भेटायला आले. आठ दिवसांत त्यांनी चारच स्थळे पाहिली होती. एका दुपारी काकू खोलीत झोपल्या असताना काका एकटेच पोर्ट लुई येथील आप्रवासी घाट पाहून आले होते. तिथल्या त्या पायऱ्यांविषयी, ज्यांवरून मजूर बेटावर उतरत, ते बराच वेळ बोलले. गुडघा त्या दिवशी दुखला नाही, हेही त्यांनी सांगितले. काकूंनी मात्र पाम्प्लमूसच्या वनस्पती उद्यानाचेच वर्णन केले. तिथल्या तळ्यात काठ उचललेल्या परातींसारखी कमळाची अवाढव्य पाने तरंगत असतात आणि त्यांच्यासमोरील बाकावर त्या दोघांनी जवळजवळ दोन तास काढले होते.

“बागेत शिरल्याबरोबर हे मला बाकावर बसवून कुठेतरी निघून गेले,” काकू म्हणाल्या. “मला वाटलं, फोटो काढायला गेले असतील. परत आले आणि म्हणाले, डाव्या हाताला आहे, स्वच्छ आहे, नाणी लागत नाहीत. आता बघ कमळं.”